लॅब्रॅडॉरच्या लिव्हरमधलं तांबं आणि हेपॅटिक फूडची पिशवी: पुण्यात काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

निकाल आधी. लिव्हरमध्ये तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार पक्का झालेल्या लॅब्रॅडॉर (लॅब) कुत्र्यासाठी हेपॅटिक, म्हणजे लिव्हरच्या आजारासाठीचं, ड्राय फूड ही पैसे वसूल करणारी वस्तू आहे. तांब्याच्या बाबतीत तिला पूर्ण गुण. प्रथिनांत ती काठावर पास होते, पण ती उणीव घरच्या उकडलेल्या चिकनने भरून निघते. मात्र आजार पक्का होण्याआधी, नुसता रिपोर्टमधला वाढलेला एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) बघून ही पिशवी आणली, तर पैसा जातोच आणि खऱ्या निदानाचे महिनेही जातात. पेनिसिलामाइनची कॅप्सूल हे या आजाराचं खरं औषध. झिंक बहुतेक लॅबना लागत नाही. आणि 'लिव्हर टॉनिक' नावाच्या बाटल्यांनी लिव्हरमधलं तांबं कमी होत नाही, काही बाटल्यांनी उलट वाढू शकतं.

पुण्यात प्रत्येक सोसायटीत दोन-चार लॅब असतात, म्हणून हे परीक्षण लॅबला धरून लिहिलं आहे. डॉबरमन, डाल्मेशियन आणि वेस्ट हायलंड टेरियर यांच्यातही हा त्रास दिसतो, आणि आहाराचा हिशेब त्यांनाही लागू पडतो, फक्त वजनाप्रमाणे आकडे बदलायचे.

आजार समजल्याशिवाय पिशवीची किंमत कळत नाही

अन्नातलं तांबं आतड्यातून रक्तात आणि तिथून लिव्हरमध्ये येतं. गरजेपुरतं वापरून उरलेलं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. हे बाहेर टाकण्याचं काम करणाऱ्या यंत्रणेत जन्मजात दोष असेल, तर तांबं पेशीत साचत जातं, पेशी आतून जळू लागते, सूज येते आणि काही वर्षांत लिव्हर निबर होतं. बेडलिंग्टन टेरियर या जातीत हा आजार १९७५ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला आणि त्यामागचा कॉमडी-वन जनुकातला दोष २००२ मध्ये सापडला. तिथे हिशेब सरळ आहे: आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं की पिल्लाच्या लिव्हरमध्ये तांबं साठणार.

लॅबमध्ये तो इतका सरळ नाही. २०१६ मध्ये लॅबमधले दोन बदल समोर आले. एटीपी-सेव्हन-बी जनुकातला बदल तांबं वाढवतो. माणसाच्या लिव्हरमध्ये तांबं साठवणारा विल्सनचा आजार याच जनुकाचा. दुसरा बदल एटीपी-सेव्हन-ए मधला, आणि तो उलट थोडं संरक्षण देतो. पण या दोहोंनी सगळा आजार उलगडत नाही. म्हणून गालाच्या आतून बोळा फिरवून करायची जनुक चाचणी धोका किती हे सांगते, आजार आहे की नाही ते सांगत नाही. ब्रीडिंगचा निर्णय घेणाऱ्यांनी ती जरूर करावी. आजारी कुत्र्याच्या मालकाने तोच पैसा बायोप्सीसाठी, म्हणजे लिव्हरचा तुकडा काढून तपासण्यासाठी, राखून ठेवावा.

आजार बहुधा मध्यम वयात दिसतो आणि माद्यांमध्ये जास्त. सुरुवातीला कुत्रा ठणठणीत असतो, फक्त एसजीपीटी वाढलेला. पुढे खाण्यावरची वासना कमी होते, अधूनमधून उलटी, मरगळ, पाणी जास्त पिणं. लॅब जेवण अर्धवट सोडतोय ही गोष्टच इतकी विचित्र आहे की तेवढ्यावर रक्त तपासून घ्यावं. आणखी एक खूण बऱ्याचदा हुकते: लघवीत साखर येते, पण रक्तातली साखर नॉर्मल असते. तांबं मूत्रपिंडाच्या नलिकांनाही इजा करतं, म्हणून असं होतं. लघवीची पट्टी बघून घाईने मधुमेहाचा शिक्का मारला आणि इन्सुलिन सुरू केलं, तर कुत्र्याच्या जिवावर बेतेल. पट्टीवर साखर दिसली की त्याच दिवशी रक्तातली साखर तपासलीच पाहिजे.

आता पुण्याची अडचण. इथे एसजीपीटी वाढण्याची इतर कारणं भरपूर आहेत. गोचीड ताप बाराही महिने, पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग), शिवाय सांधेदुखीसाठी चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्या. आधी हे सगळं तपासून घ्या. गोचीड तापाची चाचणी, लेप्टोची चाचणी, चालू औषधांची यादी. यातलं काही सापडलं तर त्याचा उपचार, आणि मग चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एसजीपीटी. तरीही तो चढलेलाच असेल आणि कुत्रा लॅब असेल, तर सोनोग्राफी आणि त्यानंतर बायोप्सीचं बोलणं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सुटका समजू नका, सुरुवातीच्या टप्प्यात ती नॉर्मल येऊ शकते. रक्तातलं तांबं मोजून घेण्यात अर्थ नाही, कुत्र्यात त्यावरून लिव्हरमधल्या साठ्याचा अंदाज येत नाही.

बायोप्सी: महाग, पण हिच्याशिवाय बाकीचं सगळं अंदाजपंचे

ज्या सेवेला आम्ही सगळ्यात वरचा दर्जा देतो ती ही. दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपीने, घेतलेले तुकडे सुईच्या तुकड्यांपेक्षा मोठे आणि भरवशाचे असतात. रक्त वाहतंय का हे डोळ्यांनी बघताही येतं. लिव्हरच्या निदान दोन वेगवेगळ्या पाळ्यांमधून, म्हणजे भागांमधून, मिळून पाच तुकडे घ्यायला सांगा. बहुतेक तुकडे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी, एक जंतू वाढवून बघण्यासाठी आणि एक तांबं मोजण्यासाठी. सुईनेच करायची असेल तर मोठ्या कुत्र्याला १४ गेजची सुई. त्याहून बारीक सुईचे तुकडे इतके किरकोळ निघतात की पॅथॉलॉजिस्टला नीट काही सांगता येत नाही. नुसत्या इंजेक्शनच्या सुईने पेशी ओढून घेण्याचा, म्हणजे एफएनएसीचा, या आजारात निदानासाठी उपयोग नाही.

आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या दोन्ही चाचण्या झाल्याच पाहिजेत. गोचीड ताप येऊन गेलेल्या कुत्र्याच्या प्लेटलेट खाली असू शकतात. त्या तशा असताना बायोप्सी पुढे ढकलणारा डॉक्टर योग्यच करतो.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, ऱ्होडानिन किंवा रुबिॲनिक ॲसिडचा रंग देऊन तांबं कुठे बसलंय ते बघितलेलं हवं. जन्मजात दोषात ते लिव्हरच्या प्रत्येक खंडिकेच्या मधोमध, मध्यवर्ती शिरेभोवती साचतं. पित्त अडल्यामुळे साचलेलं तांबं कडेला बसतं, तो वेगळा आजार. दुसरी गोष्ट म्हणजे आकडा, लिव्हरच्या कोरड्या वजनावर. नॉर्मल ४०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ४०० भाग) धरतात. १,००० च्या वर आकडा आणि तांबं मधोमध असेल तर उपचार सुरू करायचे. ६०० ते १,००० मध्ये सूज किती आहे हे पाहून डॉक्टर ठरवतात. आकडा न देता नुसतं 'कॉपर पॉझिटिव्ह' लिहिलेला रिपोर्ट अर्धाच म्हणायचा. वर्षभराने सुधारणा झाली की नाही हे कशाशी ताडून बघणार? आकडा राहून गेला असेल तर पॅथॉलॉजी लॅबकडे मेणात ठेवलेला ठोकळा असतो, त्यातूनही तांबं मोजता येतं. तो ठोकळा सांभाळून ठेवायला लगेच सांगा.

आता पिशवी

पुण्याच्या पेट शॉपमध्ये आणि दवाखान्यांत सहज नजरेस पडतं ते रॉयल कॅनिनचं हेपॅटिक. हिल्सचं एल/डी त्याच पठडीतलं. दोन्हीत तांबं मुद्दाम कमी, झिंक पुरेसं आणि प्रथिनं नेहमीच्या ॲडल्ट फूडपेक्षा बरीच कमी.

तांब्यासाठी आहार किती महत्त्वाचा, याचा चांगला पुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आजारी लॅबच्या नात्यातल्या, वरून धडधाकट पण लिव्हरमध्ये जास्त तांबं असलेल्या लॅबना कमी तांब्याचा आहार दिला. काहींना सोबत झिंक, काहींना नुसती औषध नसलेली साखरगोळी. दोन्ही गटांत लिव्हरमधलं तांबं उतरलं आणि झिंकने त्यात फारशी भर पडली नाही. म्हणजे पिशवीतला आहार खराच काम करतो.

किती कमी तांबं म्हणजे कमी? कुत्र्यासाठी १,००० कॅलरीमागे १.२ मि.ग्रॅ.च्या खाली. ३० किलोच्या, नसबंदी झालेल्या, दिवसातून दोनदा फिरणाऱ्या लॅबला साधारण १,२५० कॅलरी लागतात. म्हणजे त्याचं दिवसाचं तांबं १.५ मि.ग्रॅ.च्या आत राहिलं पाहिजे. हा दीड मिलिग्रॅमचा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

नेहमीच्या चांगल्या फूडमध्ये किलोला २० मि.ग्रॅ. तांबं असलं आणि त्याची ताकद किलोला ३,७०० कॅलरी असली, तर १,००० कॅलरीमागे ५.४ मि.ग्रॅ. होतं. मर्यादेच्या चौपटीहून जास्त. हे फूड निकृष्ट असतं असं नाही. निरोगी कुत्रा जादा तांबं बाहेर टाकतो. अमेरिकेतल्या मानकात प्रौढ कुत्र्याच्या फूडमध्ये किलोला किमान ७.३ मि.ग्रॅ. तांबं हवं असं म्हटलंय, वरची मर्यादा नाही. युरोपात २८ च्या वर जाता येत नाही. त्यामुळे 'इम्पोर्टेड आहे, महाग आहे, मग चांगलंच असणार' हा तर्क या आजारात चालत नाही.

लेबल वाचताना हमखास फसवणूक होते ती इथे. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर तांब्यापुढे जो आकडा असतो तो वरून घातलेल्या तांब्याचा असतो. धान्यात, मांसात मुळात असलेलं तांबं त्यात धरलेलं नसतं. काही लेबलांवर आकडा कॉपर सल्फेटचा असतो, आणि त्याच्या वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा तांबं असतं. त्यामुळे दोन पिशव्यांची आकड्यांवरून थेट तुलना करू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि दोनच प्रश्न विचारा: एकूण तांबं किलोला किती मि.ग्रॅ., आणि कॅलरी किलोला किती. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि १,००० ने गुणा. उत्तर १.२ च्या खाली आलं तर घ्या. उत्तर द्यायला तयार नसलेल्या कंपनीचं फूड या आजारासाठी घेऊ नका, पिशवीवर 'लिव्हर केअर' कितीही ठळक छापलेलं असलं तरी.

उणी बाजू प्रथिनांची. रॉयल कॅनिन हेपॅटिकमध्ये ती १६ टक्के आहेत. लिव्हर इतकं बिघडलं असेल की अमोनिया मेंदूपर्यंत पोचून कुत्रा भ्रमल्यासारखा वागतो, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो, तेव्हा ही कपात योग्यच. पण तांब्याचा आजार लवकर सापडलेल्या बहुतेक लॅबना असलं काही झालेलं नसतं. त्यांना महिनोन् महिने कमी प्रथिनांवर ठेवलं तर पाठीचे आणि मागच्या मांड्यांचे स्नायू वितळतात. कमरेवरून हात फिरवल्यावर मणके टोचू लागले की हे झालंच म्हणून समजा. लिव्हरला स्वतःची डागडुजी करायलाही प्रथिनंच लागतात.

उपाय सोपा आहे. ३० किलोच्या लॅबला या फूडचे दिवसाला सुमारे ३२० ग्रॅम लागतात, त्यातून ५१ ग्रॅम प्रथिनं मिळतात. फूड ३० ग्रॅमने कमी करा आणि १०० ग्रॅम कच्च्या वजनाचं चिकन ब्रेस्ट बिनमिठाचं उकडून घाला. प्रथिनं ६८ ग्रॅमच्या आसपास जातात आणि तांबं ०.०५ मि.ग्रॅ. सुद्धा वाढत नाही. चिकन नको असेल तर अंड्याचा पांढरा भाग किंवा घरचं बिनमिठाचं पनीर. हे वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, नाहीतर पिशवीतला समतोल बिघडतो. मेंदूवर परिणाम झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही नको.

चवीला लॅब सहसा नाही म्हणत नाही. जुन्या फूडमधून नव्यात जायला सात ते दहा दिवस घ्या, पाव भागापासून सुरू करून. मळमळ असलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी भांडंभर नवं फूड दिलं तर तो त्या वासाशी मळमळ जोडतो आणि पुढे पिशवी उघडली तरी तोंड फिरवतो. आधी उलटीचं औषध, मग नवं फूड.

दीड किलोची पिशवी अशा लॅबला जेमतेम पाच दिवस पुरते. त्यामुळे चव आवडली हे कळलं की मोठी पिशवीच परवडते, पण उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल एवढीच घ्या. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो, फूडमधली चरबी खवट होते. मूळ पिशवी तोंड घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा, फूड थेट प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका, डब्याला राहिलेली जुनी चरबी नवं फूडही बिघडवते. दुकानदार मोठी पिशवी फोडून सुटं देत असेल तर घेऊ नका. बॅच नंबर आणि तारीख दोन्ही हरवतात.

घरातून काय जातं ते पिशवीइतकंच महत्त्वाचं

महिन्याला एवढा खर्च करून खाटकाकडची मूठभर कलेजी दिली की सगळं मुसळ केरात. मटणाच्या कलेजीत १०० ग्रॅमला सुमारे ७ मि.ग्रॅ. तांबं असतं. ५० ग्रॅम म्हणजे साडेतीन मि.ग्रॅ., म्हणजे दोन दिवसांहून जास्त कोटा एका घासात. कोंबडीची कलेजी त्या मानाने बरीच सौम्य, १०० ग्रॅमला अर्ध्या मि.ग्रॅ.च्या आसपास, पण या कुत्र्याला तीही नकोच. पेट शॉपमधली वाळवलेल्या लिव्हरची 'ट्रीट' आधी घराबाहेर काढा. वाळवल्याने पाणी उडतं आणि तांबं एकवटतं.

मराठी घरातल्या बाकीच्या गोष्टी: तीळ १०० ग्रॅमला ४ मि.ग्रॅ.च्या वर, काजू २ च्या वर, शेंगदाणे आणि कच्ची तूरडाळ १ च्या आसपास. सुकं खोबरं, बाजरी, नाचणी, हरभरा हे सगळे तांदळाच्या बरेच वर. संक्रांतीला तिळगूळ आणि रोजच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, दोन्ही बंद. पांढरा तांदूळ कच्चा ०.२, बटाटा ०.१, दुधी, दही, अंडं, चिकन ब्रेस्ट ०.१ च्याही खाली. भाकरीचा तुकडा द्यायची सवय मोडवत नसेल तर बाजरीऐवजी ज्वारीचा, आणि तोही सुपारीएवढा.

पूर्ण घरचं जेवण द्यायचं असेल तर १,२५० कॅलरीचा ढाचा असा बसतो: १८० ग्रॅम कच्चा तांदूळ मऊ शिजवून, २५० ग्रॅम चिकन ब्रेस्ट, दोन अंडी, १५० ग्रॅम दुधी, १०० ग्रॅम दही, दोन छोटे चमचे करडईचं तेल. मीठ, कांदा, लसूण नाही. यात तांबं ०.६ मि.ग्रॅ.च्या आसपास येतं आणि प्रथिनं ८५ ग्रॅमच्या. तांब्याच्या हिशेबाने हे पिशवीच्या तोडीचं. पण कॅल्शियम जवळपास नाही, आयोडीन आणि ड जीवनसत्त्व अपुरं. रोज चार ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घालून कॅल्शियम भरतं. बाकीच्यांसाठी बिनतांब्याचं खनिज मिश्रण लागतं आणि ते दुकानात सहजी मिळत नाही. म्हणून हे जेवण थोड्या आठवड्यांसाठी ठीक, वर्षानुवर्षांसाठी पशुआहारतज्ज्ञाकडून बांधून घेतल्याशिवाय नाही. एवढ्याच कारणाने आमचं मत पिशवीकडे झुकतं.

आणि पाणी. कसब्यातल्या तांबट आळीत घडवलेला देखणा हंडा घरात असेल तर तो माणसांसाठी राहू द्या, या कुत्र्याचं पाणी स्टीलच्या भांड्यात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मि.ग्रॅ. आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा. त्या वरच्या मर्यादेचं दोन लिटर पाणी प्यायलं तर फक्त पाण्यातूनच ३ मि.ग्रॅ. तांबं पोटात जातं. दही, ताक यांसारखं आंबट तर तांब्या-पितळेच्या भांड्यात मुळीच नको, आंबटाने तांबं सुटतं.

हे पुणेकरांना नव्याने सांगावं लागू नये. लहान मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं साठून होणारा 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' आणि पितळेच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं दूध यांचा संबंध दाखवणारं काम रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत केलं. त्यातला पहिला महत्त्वाचा लेख १९८३ चा. कल्हई उडालेलं पितळ दुधात तांबं सोडतं हे या शहरातच शोधलं गेलं. आणि त्या मुलांना दिलेलं औषधही तेच, पेनिसिलामाइन.

पेनिसिलामाइन: स्वस्तात काम करणारी, पण वेळ पाळायला लावणारी कॅप्सूल

हे औषध तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. माणसातल्या विल्सनच्या आजारात ते १९५६ पासून वापरात आहे. कुत्र्याचा डोस किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा. ३० किलोला एका वेळी ३०० ते ४५० मि.ग्रॅ. कॅप्सूल मिळते २५० ची, त्यामुळे डोस नीट बसत नाही. एक सकाळी आणि दोन रात्री, की पावडर मोजून नव्या कॅप्सूल भरायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. गर्भवती बाईने ही कॅप्सूल उघडू नये, पावडर हाताळू नये.

माणसांच्या मेडिकलमध्येच मिळते, चिठ्ठीवर. कोपऱ्यावरच्या दुकानात बहुधा नसते. सदाशिव पेठेतल्या घाऊक औषध बाजारात किंवा मोठ्या रुग्णालयाजवळच्या मेडिकलमध्ये आधी फोन करून विचारा. नाव नीट सांगा, फोनवर 'पेनिसिलिन' ऐकलं जातं आणि ते वेगळंच औषध.

रिकाम्या पोटी द्यायची, जेवणाआधी किमान तासभर. अन्नासोबत दिली तर शरीरात फारच कमी शोषली जाते. कॅल्शियम, लोह, झिंक, अँटासिड यांच्यासोबतही नाही, दोन तासांचं अंतर हवं. आणि लॅबला गोळी चीजमध्ये लपवून द्यायची सवय असते, ती इथे नडते. कॅप्सूल जिभेच्या मुळाशी ठेवून मागून सिरिंजने पाणी द्या.

सगळ्यात जास्त होणारा त्रास म्हणजे उलटी आणि जेवण सोडणं. डोस कमी करून दोन आठवड्यांत चढवत नेला की बऱ्याच कुत्र्यांना सोसतो. तरीही उलटी थांबली नाही तर औषध थोड्याशा खाण्यासोबत द्यावं लागतं. शोषण घटतं, पण न दिल्यापेक्षा बरं. सोबत बी-सिक्स जीवनसत्त्व देतात, कारण हे औषध ते कमी करतं. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली तर थांबावं लागतं, म्हणून लघवीची प्रथिन-क्रिएटिनिन तपासणी आधी एकदा आणि नंतर दर काही आठवड्यांनी. जखमा भरायलाही वेळ लागतो, त्यामुळे बायोप्सीचे टाके सुकल्यावर सुरू करणं बरं. ट्रायेंटिन हा पर्याय आहे, पण फार महाग.

उपचार महिन्यांत मोजायचा, कित्येकदा वर्षाच्या जवळ जातो. एसजीपीटी दर चार ते आठ आठवड्यांनी. तो नॉर्मलला येऊन स्थिरावला की पुन्हा बायोप्सी करून आकडा बघणं सगळ्यात चांगलं. नाहीतर औषध लांबतं आणि तांबं गरजेपेक्षाही खाली जातं. मग रक्ताच्या पेशी लहान होऊन ॲनिमिया येतो, वजन घटतं. कॅप्सूल बंद झाल्यावरही पिशवी मात्र चालूच राहते, आयुष्यभर.

झिंक, टॉनिक आणि बाकीची मंडळी

झिंक आतड्याच्या पेशीत तांब्याला अडकवून ठेवणारं प्रथिन वाढवतं. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आजारी कुत्र्याला वाचवायला ते उपयोगाचं नाही. पेनिसिलामाइनसोबत दिलं तर दोघं एकमेकांना निकामी करतात. कडक आहार पाळला जात असेल तर लॅबला वरून झिंक देण्यात फारसा लाभ नाही, हे वर आलंच. द्यायचंच ठरलं तर रक्तातलं झिंक मोजत राहावं लागतं: २०० ते ४०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हवं, १,००० च्या पुढे तांबड्या पेशी फुटतात. मुलांच्या जुलाबासाठी मिळणारं झिंकचं सिरप घेताना गोडवा कशाचा आहे ते वाचा. झायलिटॉल असेल तर कुत्र्यासाठी ते विष आहे.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड किलोला १५ मि.ग्रॅ., म्हणजे ३० किलोला एक ३०० ची आणि एक १५० ची गोळी, जेवणासोबत. ई जीवनसत्त्वाची ४०० युनिटची एक कॅप्सूल. सॅम-ई किलोला २० मि.ग्रॅ., रिकाम्या पोटी आणि गोळी न मोडता, मोडली की पोटातल्या आम्लात वाया जाते. ही तिन्ही पेशींना आधार देतात, तांबं काढत नाहीत. पैसे मर्यादित असतील तर पेनिसिलामाइनची कॅप्सूल आणि आहार आधी.

टॉनिकची बाटली घेण्याआधी मागची यादी वाचा. लिव्हर एक्स्ट्रॅक्ट, कॉपर सल्फेट, कॉपर प्रोटिनेट यांपैकी काही असेल तर परत ठेवा. अंगावरच्या केसांसाठीच्या मल्टिव्हिटामिन गोळ्यांतही तांबं घातलेलं असतं. क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही टाळा, तांबं भरलेल्या लिव्हरला ते त्रासदायक ठरू शकतात.

एकाच वेतातली भावंडं बऱ्याचदा पुण्यातल्याच चार घरांत गेलेली असतात. एका लॅबचा आजार पक्का झाला की ब्रीडरमार्फत त्या घरांना कळवा: सहा महिन्यांनी एकदा एसजीपीटी, वाढलेला दिसला तर चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तोवर कलेजी बंद. आजारी मादीचं ब्रीडिंग करू नका, नराचंही तेच. नवं पिल्लू बघायला जाल तेव्हा केनल क्लबच्या कागदांसोबत आई-बाप दोघांचे एसजीपीटीचे ताजे रिपोर्ट मागा, आणि जनुक चाचणी झाली असेल तर तीही.